संमतीची सही आणि स्वातंत्र्याचा संकोच
(शिरोली एमआयडीसी येथील व्याख्यान)



स्वातंत्र्य दोन रीतींनी जाते. कधी ते एका रात्रीत जाते, तर कधी हप्त्याहप्त्याने. पहिली रीत या देशाने 25 जून 1975 च्या रात्री अनुभवली. आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, हजारो लोक तुरुंगात गेले. परंतु काय गेले हे सर्वांना दिसत होते, आणि म्हणूनच विरोध कशाला करावयाचा हेही समजत होते. त्याच वर्षी, शिरोलीवरून जाणाऱ्या याच महामार्गावरील कराड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या उपस्थितीत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे 1976 मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. 1977 च्या मार्चमध्ये आणीबाणी संपली आणि गेलेले परत मिळाले.

दुसऱ्या रीतीत ना हुकूम असतो, ना अटक. तेथे केवळ एक सही असते, आणि तीही स्वखुशीची.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. याच वसाहतीतील फौंड्रीत काम करणारा कामगार पाहावा. पूर्वी तो मस्टरवर सही करीत असे. नंतर पंचिंगचे कार्ड आले, पुढे अंगठ्याचे यंत्र आले. वाळूत आणि उष्णतेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मोल्डरच्या बोटावरील रेषा झिजतात. यंत्राला त्या वाचता येत नाहीत, आणि हजर असलेला माणूस कागदोपत्री गैरहजर ठरतो. मग चेहरा ओळखणारा कॅमेरा आला. भट्टीजवळचा कॅमेरा सुरक्षेसाठी आणि मोबाईलवरील ॲप रजेच्या अर्जासाठी. यांतील एकेक गोष्ट घेतली तर तिच्यात गैर काहीच नाही. चुकीची हजेरी थांबते, अपघाताचे कारण सापडते, पगार वेळेवर होतो. मात्र या सर्वांची बेरीज होते तेव्हा कामगाराचे दिवसभराचे हालणे, थांबणे आणि बोलणे दुसऱ्याच्या नोंदीत जमा झालेले असते. त्या बेरजेवर त्याची सही कोणी कधीच मागितलेली नसते.

कारखानदार यातून मुक्त आहे असेही नाही. वाहन उद्योगातील मोठ्या कंपनीसाठी कास्टिंग करणाऱ्या लहान उद्योजकाची अवस्था अनेकदा अशीच असते. ड्रॉइंग त्यांचे, पुष्कळदा पॅटर्नही त्यांचेच, महिन्याचे शेड्यूल त्यांचे, आणि दर ठरविताना विजेपासून मजुरीपर्यंतचा हिशेब उघडून दाखवावयाचा तो मात्र याने. नाही म्हणण्याचा अधिकार त्याला आहेच. परंतु ज्याचे सारे काम एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, त्याने नाही म्हणून दुसऱ्या दिवशी भट्टीत काय ओतावयाचे?

न्यायालयाने याकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. आणीबाणीत, 1976 साली, नागरिकाच्या स्वातंत्र्याविरुद्ध ज्या बहुमताने निकाल दिला होता त्यात पुण्याचे न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता असे 2017 मध्ये लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र. पुढे सप्टेंबर 2018 मध्ये बँक खाते आणि मोबाईल यांसाठी आधारची सक्ती न्यायालयाने रद्द केली. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तेच आधार ‘ऐच्छिक’ म्हणून परत आले. गर्दीच्या काउंटरवर या ऐच्छिक शब्दाचा अर्थ काय उरतो, हे रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

येथे कोणी म्हणेल की बंधन वाईटच असते असे नाही. ते खरेच आहे. श्रावकाचे दिग्व्रत म्हणजे दिशांची मर्यादा, देशव्रत म्हणजे ठरावीक काळापुरती अधिक लहान केलेली मर्यादा. दोन्ही बंधनेच होत. परंतु व्रत घेणाऱ्याला मर्यादा कोठे आहे हे ठाऊक असते, ती किती काळ आहे हे ठाऊक असते, आणि अतिचार कोणते हेही आधी सांगितलेले असते. शिवाय व्रत न घेणाऱ्याची रोजी जात नाही. मोबाईलवर न वाचता ‘मान्य’ म्हणून दाबलेल्या बटणात यांतील काय आहे?

ओघात आले म्हणून सांगावयाचे, गुप्तदानाचीही अशीच कथा आहे. 2006 मध्ये आयकर कायद्यात तरतूद होऊन धर्मादाय संस्थांना मिळालेल्या निनावी देणग्यांवर, ठरावीक मर्यादेपलीकडे, 30 टक्के कर आला. 2021-22 या आर्थिक वर्षापासून कर-सवलतीच्या देणग्यांसाठी देणगीदाराचे नाव व ओळख क्रमांक कळविणेही आले. हेतू काळा पैसा रोखण्याचा, आणि तो योग्यच. केवळ धार्मिक संस्थांना त्या करातून सूट असल्याने मंदिराची दानपेटी अजून नाव विचारीत नाही. विद्यार्थ्यांच्या मदतनिधीची पावती मात्र विचारते.

नकार देता येण्यासाठी दुसरे दार लागते. याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोजला 1887 मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले, आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला म्हणून त्या नकाराची किंमत शिक्षण ही ठरली नाही. पुढे 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, हा योगायोग मानता येत नाही.

आजच्या मोल्डरला असे दार कोण देणार? 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा अधिकार आहे. पण नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरताना मालकाला संमतीवाचूनही मोकळीक आहे. म्हणजे कामगाराचे स्वातंत्र्य पुष्कळ अंशी मालकाच्या विवेकावर सोपविले गेले आहे, आणि मालकवर्गातील अनेकजण आज या सभागृहात बसलेले आहेत. चेहरा देण्यास नकार देणाऱ्यासाठी कारखान्यात मस्टर शिल्लक आहे काय? काम सोडून गेलेल्याच्या चेहऱ्याची नोंद किती दिवसांत पुसली जाते, आणि ती यंत्र विकणाऱ्याच्या कोणत्या शहरातील संगणकात आहे? उद्याच्या पहिल्या पाळीला हे प्रश्न टाइम ऑफिसमध्ये विचारता येतील.