ट्रॅक्टर लादून नेतांना

‘गाडी उलार झाली’ हे शब्द शहरांतील नव्या पिढीच्या कानांवर क्वचितच पडले असतील. परंतु आर्वी-हिंगणघाटकडील वृद्ध शेतकऱ्यास त्यांचा अर्थ सांगावा लागत नाहीं. बैलगाडींत कापसाचें ओझें मागें अधिक पडलें कीं जूं वर उचललें जातें, बैलांच्या गळ्यांना फास बसतो आणि गाडी मागें कलंडते. उलट भार फारच पुढें गेला, तर तो सारा बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान भार आंसाच्या किंचित् पुढें ठेवतो व निघण्यापूर्वीं जूं हातानें उचलून पाहतो. आज छोटा ट्रॅक्टर ट्रॉलीवर घालून नेणाऱ्यास जें शास्त्र ठाऊक असावें लागतें, त्याचा निम्मा भाग या एका संवयींत आलेला आहे.

ट्रॅक्टर स्वतःच चालतो, मग त्यास लादून नेण्याचें प्रयोजन काय, अशी शंका सुशिक्षित श्रोत्यास येणें स्वाभाविक आहे. वर्धा जिल्ह्यांत कारंजा, आष्टी व आर्वी या तालुक्यांत संत्र्यांच्या बागा आहेत. झाडांच्या ओळींतून फिरेल असा पंधराएक अश्वशक्तीचा, सात-आठशें किलो वजनाचा ट्रॅक्टर तेथें सोयीचा पडतो. शेत लांब असेल अथवा यंत्र दुरुस्तीस न्यावयाचें असेल, तर त्याच्या मंद गतीनें दिवस मोडतो आणि डांबरी रस्त्यावर चाकांच्या खांचा झिजतात. शिवाय सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून गेलेल्या समृद्धि महामार्गावर, ज्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, ट्रॅक्टरांस मुळींच प्रवेश नाहीं. मोठ्या ट्रॅक्टरामागें जोडलेली ट्रॉलीहि अर्थातच त्यांत आली. तेथून जावयाचें तर मालमोटारच हवी. नागपूर-वर्ध्यास राहून गांवाकडील शेती बटईनें करविणारीं कुटुंबें अनेक आहेत. यंत्राचे पैसे तीं देतात. तें कसें नेलें जातें याची चौकशी मात्र क्वचितच करतात.

खरा धोका रस्त्यावर नव्हे, चढवितांनाच सुरू होतो. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून ३ फूट उंच असला आणि फळ्या ६ फुटांच्या घेतल्या, तर चढ ३० अंशांचा होतो. त्याच उंचीस १२ फुटांच्या फळ्या घेतल्यास तो निम्म्याहूनहि कमी भरतो. ट्रॅक्टराचें बहुतेक वजन मागच्या मोठ्या चाकांवर असतें. तो तोंड पुढें करून उभ्या चढावर घातला, आणि मागचीं चाकें अडलीं असतां इंजिनाचा जोर वाढविला, तर चाकें फिरण्याऐवजीं यंत्राचें धूडच आंसाभोंवतीं फिरतें; पुढचीं चाकें उचललीं जातात आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. म्हणून तो उलट्या गतीनें चढवावा व उतरवितांना तोंडाकडून खालीं आणावा. अशानें वाटेंत त्याचें तोंड मागच्या गाड्यांकडे राहतें व लोक हंसतात. हंसूं द्यावें. दोन्ही ब्रेकांचे पायटे आधीं कडीनें एकत्र जोडावे, नाहीं तर एकच चाक थांबून यंत्र फळीवरून घसरतें. चढावर मध्येंच क्लच दाबूं नये. पावसाळ्यांत चाकांना लागलेली काळी माती खरवडून काढल्याशिवाय तर फळीवर पाऊलच टाकूं नये. फळ्यांचा खटाटोप टाळण्यासाठीं ट्रॉली उंच धुऱ्यास टेकवून तिचा तळ जमिनीच्या बरोबरीनें आणण्याची युक्ति पुष्कळ शेतकरी करतात. ती फळ्यांहून खचित चांगली.

आतां उलार गाडीकडे वळावयाचें. दोनचाकी ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या पिनेवर यावा. ट्रॅक्टर ८०० किलो व ट्रॉली ६०० किलो धरली, तर तो १४० ते २१० किलो होतो. भार मागें राहिला तर वेग वाढतांच ट्रॉली शेपटीसारखी डोलूं लागते. अशा वेळीं जोरानें ब्रेक दाबणें किंवा वेग वाढविणें, दोन्ही घातकच. पाय हळूहळू काढून घ्यावा व चक्र सरळ धरावें. पिनेस अडकवण बसली आहे ना, आणि पिन तुटलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी सांखळी आहे ना, हें निघण्यापूर्वीं पाहावें.

बांधणीस काथ्याचा दोर चालत नाहीं. अचानक थांबतांना माल आपल्या वजनाच्या आठ-दशांश जोरानें पुढें झेपावतो, असें धरून बांधणी करावी लागते. म्हणजे ८०० किलोंचा ट्रॅक्टर ६४० किलोंचा हिसका देतो. चारहि कोपऱ्यांस स्वतंत्र सांखळ्या, दोन पुढें ओढणाऱ्या व दोन मागें, आणि त्या सांगाड्यास अडकविलेल्या. चक्राच्या दांड्यांस कदापि नव्हे. गिअर घातलेला, हातब्रेक ओढलेला, मागचें अवजार खालीं टेकविलेलें असावें.

आणि मग ती दुष्ट चाल! ‘ब्रेक धरावयास’ म्हणून सालदारास लादलेल्या ट्रॅक्टराच्या आसनावर बसवितात. सांखळी सुटली तर त्या गरिबाच्या पायाच्या जोरानें आठशें किलो थांबणार आहेत काय? यंत्राचे पैसे पुन्हां उभे करतां येतील. त्याच्या घरीं मिळवता हात तेवढाच असतो. मालकानें त्यास पुढच्या मोटारींत आपल्या शेजारीं बसवावें.

रबरी चाकें वाटेंत दबतात, तेव्हां सुरुवातीस घट्ट वाटलेली सांखळी आठ-दहा किलोमीटरांत सैल पडते. वर्ध्याहून नागपूरकडे निघालेल्यानें पवनारला धाम नदीपाशीं गाडी कडेला घ्यावी, उतरून चारहि सांखळ्या हातानें ओढून पाहाव्या, मागच्या लाल दिव्यांवरील धूळ पुसावी आणि मगच पुढें निघावें.