कारणं कळली पाहिजेत



स्थानबद्धता म्हणजे खटल्याविना कोठडी.
माणूस पुढे काही करील, एवढ्या शंकेवरून.
आपला महाराष्ट्राचा 'झोपडपट्टीदादा कायदा' याच जातीचा.

म्हणून राज्यघटनेचं बाविसावं कलम बजावतं...
कारणं लवकर कळवा.
आणि दाद मागू द्या.

नागपूरचं एक प्रकरण ऐका.
स्थानबद्ध माणसाला इंग्रजी येत नव्हतं.
कारणांचे कागद मात्र इंग्रजीत!
त्यानं हिंदी भाषांतर मागितलं.
नकार मिळाला. इंग्रजी राजभाषा आहे, म्हणे.

1962 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं.
कागद हाती दिला, एवढ्यानं भागत नाही.
कारणं त्याला कळली पाहिजेत.

घरच्या कुणावर स्थानबद्धतेचा आदेश निघाला,
तर आधी कागदाची भाषा पाहा.
दाद मागायला सरकारकडे लेखी अर्ज करा.
थेट उच्च न्यायालयातही जाता येतं.