ताट वेगळं ठेवायचं का?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. ती सुजलेली लसिकाग्रंथी. या ग्रंथींच्या कॅन्सरला लिम्फोमा म्हणतात. काही लिम्फोमांमागे विषाणूचा हात असतो असं म्हटलं, की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: मग पेशंटचं ताट वेगळं ठेवायचं का?

त्यासाठी आधी युगांडाला जाऊ. 1957 साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश सर्जनना एक लहान मुलगा दाखवला गेला. जबड्यात वर-खाली, दोन्ही बाजूंना गाठी, दात खिळखिळे. काही दिवसांनी जिंजा गावी तसंच दुसरं पोर दिसलं. बर्किटना चैन पडेना. 1961 मध्ये दोन मित्रांसह जुन्या मोटारीतून त्यांनी सुमारे 10,000 मैल आफ्रिका पालथी घातली. लिम्फोमाच्या या गाठी सापडत होत्या त्या उष्ण, पावसाच्या पट्ट्यात. मलेरियाचाही मुलूख तोच.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचं व्याख्यान संशोधक अँथनी एपस्टाईननी ऐकलं. यामागे विषाणू असावा, असं त्यांना वाटलं. मग गाठींचे तुकडे विमानानं लंडनला जाऊ लागले. हाती मात्र काही लागेना. डिसेंबर 1963 मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवलं गेलं, नमुना उशिरा पोचला, आणि बाटलीतला द्रव गढूळ! जंतू शिरले म्हणून कुणीही तो ओतून दिला असता. एपस्टाईननी थेंबभर घेऊन पाहिला. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी होत्या त्या. तशाच पेशी वाढवून त्यांनी आणि त्यांचे सहकारी इव्हॉन बार व बर्ट अचाँग यांनी 1964 मध्ये विषाणू गाठला. तोच एपस्टाईन-बार विषाणू.

तो लाळेतून पसरतो, हे खरं. पण जगातल्या 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो आधीच मुक्काम ठोकून आहे, तुमच्या-माझ्याही बहुधा. कॅन्सर व्हायला आणखी बरंच बिघडावं लागतं. आफ्रिकेतल्या त्या मुलांना वारंवार मलेरिया होत होता. इतरत्र एचआयव्हीनं, किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खचलेली असते. शिवाय पेशीतल्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले जातात. हे काही उष्ट्यातून लागत नाही.

तेव्हा पेशंटला कोपऱ्यात बसवू नका, पंगतीत घ्या. अन्न ताजं, गरम वाढा. आणि तुम्हालाच सर्दी-ताप असेल, तर तुम्ही चार दिवस लांब राहा. केमोथेरपी चालू असताना तुमचा साधा ताप त्याला झेपत नाही.