शिळ्या पानांचा बंदोबस्त

२०२४ च्या जानेवारींत मी माझ्या मामांकडे पिंपळगांव बसवंतला गेलों होतों. निफाड तालुक्यांतलें, मुंबई-आग्रा रस्त्यावरचें हें गांव कांदा, टोमॅटो आणि द्राक्षें यांच्या व्यापारासाठीं आपणां सर्वांस ठाऊक असेल. मामांचा लाल कांदा शेतांतून निघत होता. शहरी भाच्याचा उत्साह अंगीं असल्यामुळें मीं खिशांतला मोबाइल काढला, गूगलवर ‘पिंपळगांव कांदा भाव’ असे शब्द घातले आणि पहिल्याच पानावरचा आंकडा मोठ्या ऐटींत वाचून दाखविला. मामा हंसले. म्हणाले, "अरे, हा बंदीच्या आधींचा भाव. तुझ्या मोबाइलला कोणीं सांगितलें नाहीं वाटतें!"

८ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली होती व भाव कोसळले होते. मीं वाचलेलें पान त्यापूर्वींचें. तारीख त्यावर होती. पण तळाशीं आणि बारीक अक्षरांत. मामांना हंसतां आलें, कारण लिलावाला ते स्वतः जातात. परंतु चांदवडकडचा किंवा दिंडोरीकडचा एखादा लहान शेतकरी पिंपळगांवला जावें कीं लासलगांवला, हें ठरवून ट्रॅक्टर भाड्यानें घेतो. त्यानें असलें पान खरें मानलें, तर तो भुर्दंड त्याच्या माथीं बसतो, आणि भरून आणलेला लाल कांदा परत नेऊन ठेवण्यासारखा नसतो.

योगायोग असा कीं, ज्या वेबसाइटचें तें पान होतें, तिची देखभाल माझ्या मामेबहिणीकडे नुकतीच आली होती. वडिलांचें हंसणें तिला झोंबलें. रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें मला हिशेब मांडून दाखविला. एका दिवसाच्या भावाचा तक्ता एकच. पण त्याला पत्ते किती? एचटीटीपी आणि एचटीटीपीएस हे दोन. त्यांत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून वा न लावतां, म्हणजे चार. तक्ता तारखेप्रमाणें, आवकेप्रमाणें, कमी भावाप्रमाणें वा जास्त भावाप्रमाणें लावतां येतो, झाले सोळा. छापण्याजोगी प्रत निराळी, म्हणून बत्तीस. त्यांतच गांवाचें नांव कोणी ‘बसवंत’ असें पूर्ण लिहितो, कोणी कंसांत नुसता ‘ब’ घालतो. मागच्या कारभाऱ्यानें प्रत्येक लेखनासाठीं वेगळा पत्ता काढून ठेविला होता! शिवाय प्रत्येक पानावर ‘पुढील दिवस’ अशी लिंक. माणूस आजच्या तारखेशीं थांबतो. गूगलचा पानें वाचीत फिरणारा क्रॉलर थांबत नाहीं. २०९० सालच्या कांद्याचा कोरा तक्ताही तो इमानानें वाचून येतो, आणि इकडे आजचें पान वाचायला त्याला उशीर होतो.

आतां यावर उपाय काय? तिनें पहिला उपाय केला तो चुकला होता, आणि ती चूक फार जणांची होते म्हणून तीच जरा सविस्तर सांगतों. वेबसाइटच्या दाराशीं ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नांवाची एक साधी फाइल ठेवितात. १९९४ सालीं मार्टाइन कोस्टर या गृहस्थांनीं ही रूढि सुचविली. तिला रीतसर प्रमाणाचें रूप यावयास २०२२ साल उजाडलें. अमुक पानांकडे फिरकूं नये, एवढीच विनंती त्या फाइलींत असते. बहिणीनें जुन्या पानांची वाट तेथें बंद केली आणि ती निश्चिंत झाली. पण दार लावणें निराळें आणि यादींतून नांव काढणें निराळें! क्रॉलर आंत जाईनासा झाला. परंतु गूगलच्या यादींत पत्ता राहिलाच, कारण इतर ठिकाणांहून त्या पत्त्यांकडे लिंका येत होत्या.

यादींतून नांव कमी करण्याची सूचना निराळी आहे. तिला ‘नोइंडेक्स’ म्हणतात व ती प्रत्यक्ष पानाच्या माथ्यांत किंवा सर्व्हरच्या उत्तरांत लिहावी लागते. गंमत अशी कीं, ती वाचण्यासाठीं क्रॉलरला आंत येऊं द्यावें लागतें. दार बंद ठेवून आंत चिठ्ठी लिहून ठेविली, तर ती वाचणार कोण? म्हणून तिनें आधीं अडसर काढला, चिठ्ठी वाचूं दिली, आणि पानें यादींतून गेल्याची खात्री होईपर्यंत वाट पाहिली. घाई असेल त्यास गूगलकडे अर्ज करून पान लपवितां येतें. मात्र तें सुमारें सहा महिनेच.

बाकीच्या गोष्टी त्या मानानें सोप्या. एचटीटीपीच्या आणि नांवाच्या निरनिराळ्या लेखनाच्या पत्त्यांवरून तिनें ३०१ या आंकड्यानें खऱ्या पत्त्याकडे कायमची वाट वळविली. क्रम बदललेल्या आणि छापण्याच्या प्रती वाचकाला हव्या असतात. त्यांवर ‘मूळ पान तें’ असें सांगणारी कॅनॉनिकल खूण केली. ही खूण २००९ च्या फेब्रुवारींत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीं मिळून मान्य केली. ती आज्ञा नव्हे, शिफारस आहे. भविष्यकाळाचे कोरे तक्ते तिनें काढूनच टाकले. तेथें पूर्वीं ‘माहिती उपलब्ध नाहीं’ असें छापून येई, पण सर्व्हर मात्र २०० म्हणजे ‘सर्व ठीक’ असाच आंकडा पाठवी. आतां तो ४०४ पाठवितो. कायमच्या काढलेल्या पानांना ४१० आहे.

जुने भाव मात्र पुसूं नयेत, असें माझें मत मीं तिला आग्रहानें सांगितलें. बंदीच्या आधीं काय मिळत होतें आणि नंतर काय मिळालें, हें उद्यां कोणास पाहावयाचें झालें तर पुरावा हवा. तिनें तें मानलें. प्रत्येक दिवसाला एकच पत्ता, शीर्षकांतच तारीख. आणि ‘आजचा भाव’ यासाठीं कधींही न बदलणारा एक पत्ता वेगळा. मामा नुसते ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "एवढें सारें करण्यापेक्षां तारीख वर मोठी छापली असती तर?" तीही छापली.

त्या वर्षींच्या दिवाळींत मीं पुण्याहून पुन्हां तेच शब्द घालून पाहिले. पहिलेंच पान उघडलें. वर ठळक अक्षरांत त्या दिवसाची तारीख होती, आणि खालीं एवढेंच: ‘दिवाळीनिमित्त लिलाव बंद.’