बंदिवानांची सुटका आणि आपण
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी तुरुंगाचा विषय काढणारा हा गृहस्थ कोण, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. परंतु तुरुंग हा नगर जिल्ह्याला परका नाही. येथल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव प्रभृती थोर पुरुष बंदिवासात होते. श्रीगोंदे तालुक्यातील विसापूरच्या तुरुंगात कायदेभंगाच्या चळवळीतील सत्याग्रही कोंडले गेले. त्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. मला आज बोलावयाचे आहे ते ज्यांचे नाव घरचेही चारचौघांत घेत नाहीत, अशा बंदिवानांविषयी.

२०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारतातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती. जेथे शंभरांची सोय, तेथे एकशे एकतीस. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार हे कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतील तिघांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. तुरुंगात आहे त्या अर्थी गुन्हेगार असलाच पाहिजे, असे आपण सहज धरून चालतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

२०२० साली महामारी आली, तेव्हा ही गर्दी कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च रोजी राज्याराज्यांतून समित्या नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतील कच्च्या कैद्यांना प्रथम तात्पुरता जामीन मिळू लागला. मोक्का, मोठे आर्थिक अपहार इत्यादी प्रकरणे वगळली होती. पुढे मे महिन्यात, सुमारे ३५ हजार बंद्यांपैकी १७ हजारांना सोडण्याचे राज्य शासनाने जाहीर केले. त्या वेळी पारावर जे बोलले जाई ते मी ऐकले आहे. ‘सज्जनांना घरात कोंडले आणि चोरांना मोकळे केले!’ या बोलण्यात निव्वळ दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. ऐन रब्बीत ज्याच्या विहिरीवरची मोटार गेली आणि गहू डोळ्यांदेखत वाळला, त्याला क्षमेचे पाठ देणे सोपे नाही. पण गंमत पाहा. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आपणच डोळे पुसत पाहिला. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसविली, तिच्यावरून ती कथा सुचली. पडद्यावरचे कैदी तर खुनी होते! त्यांच्यावर विश्वास टाकावा असे आपल्याला वाटते. शेजारचा पोरगा जामिनावर आला की मात्र दाराला कडी.

आता कायदाही पुढे गेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ अन्वये, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला, की त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे धरली, तर एक वर्ष. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे, तसेच ज्याच्यावर अनेक खटले चालू आहेत तो, यांना ही सवलत नाही. असा अर्ज न्यायालयात करण्याचे कर्तव्य तुरुंगाधिकाऱ्यावर टाकले आहे. परंतु ते वर्षही का काढावे लागते? पुष्कळ वेळा जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकलेला आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा मोटारचोरीच्या आरोपात सापडला. पंधरा हजारांचा जामीन झाला. बाप मोलमजुरी करणारा. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमच्या नावावर सातबारा आहे. तेवढी एक सही द्या.” मी ‘पाहू’ म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी मुलीकडे पुण्यास निघून गेलो. काम काहीच नव्हते. ज्याने जन्मभर मुलांना सत्य बोलावे म्हणून छड्या मारल्या, त्याने हे केले. मुलगा हजर राहिला नाही तर पंधरा हजार जातील, ही भीती होती. पण त्याहून मोठी भीती ‘गुरुजी चोराला जामीन राहिले’ या शब्दांची होती. मुलगा सात महिने आत राहिला. पुढे निर्दोष सुटला. तोवर बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली होती, आणि ती मोडणारेही आपलेच ज्ञातिबांधव होते. तो आता वाटेत भेटला तर वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराचे मला फार ओझे होते.

केंद्र शासनाने २०२३ पासून गरीब बंद्यांसाठी योजना सुरू केली असून जामिनासाठी साहाय्य मिळू शकते. ती आपल्या लोकांना ठाऊकही नाही. आपल्या मंडळाजवळ वसतिगृहाचा निधी आहे, विवाहमेळाव्याचा आहे. कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, अहिंसक गुन्ह्यात प्रथमच सापडलेल्यासाठी जामीन राहण्यास तयार असणाऱ्या सभासदांची एक वही तालुकावार ठेवावी. कोणाची शहानिशा करावयाची, कोणाला नकार द्यावयाचा, हे पाच जणांच्या समितीने ठरवावे. डोळे मिटून सही करा असे माझे म्हणणे नाही. ऐपतीचा दाखला तहसील कचेरीतून काढावा लागतो आणि त्यास दिवस जातात, म्हणून कागद आधीच तयार असलेले बरे. माझा सातबारा व दाखला मी आज चिटणिसांकडे दिला आहे.