वीजबिलाचे हप्ते आणि त्यावरील कर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्या, विवाह आणि व्यवसाय या तीन विषयांवर बोलण्याची आपल्या व्यासपीठाची जुनी परंपरा आहे. आज आम्ही चौथा विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत. तो रुक्ष आहे खरा. परंतु प्रत्येक कुटुंबाच्या उंबरठ्यावर तो दरमहा येऊन उभा राहतो. वीजबिलाची रक्कम एकदम भरणे शक्य नसल्यामुळे हप्ते पाडून घेतले, तर त्यावर कर कशावर, किती आणि कितीदा लागतो, हा तो विषय होय. हप्ता घेतला की सरकार पुन्हा कर घेते, असा समज आपल्या पुष्कळ घरांत रूढ आहे. त्या समजापायी कित्येक जण हप्त्याची सवलत मागतच नाहीत आणि हातउसने किंवा व्याजाने पैसे काढून बिल भरतात. हा समज दूर व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम कराचे मूळ पाहू. विजेच्या वापरावर व विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीने राज्यांना दिला आहे. तत्कालीन मुंबई राज्याने १९५८ साली वीज शुल्काचा कायदा केला. त्याच्या जागी महाराष्ट्राने २०१६ साली नवा कायदा आणला. त्यानुसार घरगुती वापरावरील शुल्काचा दर शेकडा १६ ठरला. वस्तू व सेवा कर २०१७ साली देशभर लागू झाला, तेव्हा वीज त्यातून मुक्त ठेवण्यात आली. वीज विक्री कर म्हणून आणखी एक रकाना बिलावर असतो. त्याचा भार घरगुती ग्राहकावर नाही. म्हणजे आपल्या घरच्या विजेवर जो काही कर आहे, तो वीज शुल्क हाच. वीज कंपनी तो आपल्याकडून गोळा करते व सरकारी तिजोरीत भरते.

आता हे शुल्क कशावर आकारले जाते ते पाहावे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करून तिच्यावर शुल्क काढतात. हिशेबाच्या सोयीसाठी ही बेरीज १,५०० रुपये धरू. तिच्यावर शुल्क २४० रुपये. एकूण बिल १,७४० रुपये. हेच बिल तीन हप्त्यांत भरावयाचे ठरले, तर प्रत्येक हप्ता ५८० रुपयांचा होईल व त्यात ५०० रुपये विजेचे आणि ८० रुपये शुल्काचे असतील. तिन्ही हप्त्यांतील शुल्काची बेरीज पुन्हा २४० रुपयेच भरते. शुल्क बसते ते वापरलेल्या विजेवर. ती रक्कम एका हाताने दिली की तीन वेळा दिली, याने त्यात फरक पडत नाही.

मग दोनदा कर लागल्याचा भास का होतो? याचे कारण पुढील महिन्याच्या बिलात आहे. त्यात मागील थकबाकी दाखविलेली असते व तिच्यात जुने शुल्क आधीच मिसळलेले असते. शेजारी नव्या महिन्याच्या शुल्काचा रकाना असतो. तो केवळ नव्या वापरापुरता असतो. थकबाकीवर शुल्क पुन्हा चढत नाही. भगिनींनी हे दोन रकाने वेगवेगळे वाचावे, म्हणजे मनातील किल्मिष जाईल.

तथापि दिरंगाई फुकट नसते, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. वीज नियामक आयोगाच्या मार्च २०२० च्या दरआदेशात एक लक्षात ठेवण्याजोगा भेद आहे. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरणाऱ्यास शेकडा १ सूट सांगितली आहे, ती शुल्क वगळून. मुदत टाळणाऱ्यास शेकडा १.२५ विलंब आकार सांगितला आहे, तो शुल्क धरून. आपल्या उदाहरणात सूट १५ रुपयांची, तर विलंब आकार २१ रुपये ७५ पैशांचा होतो. पुढे थकबाकीवर व्याजही चालू होते. सारांश, हप्त्याने वाढते ते व्याज. कर वाढत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत याचा अनुभव साऱ्या राज्याने घेतला. मार्चअखेरीपासून मीटरवाचन थांबले, सरासरीची बिले आली आणि जूनमध्ये साऱ्या उन्हाळ्याचा हिशेब एकदम अंगावर आला. त्या वेळी महावितरणने तीन हप्त्यांची सोय दिली व एकरकमी भरणाऱ्यास शेकडा २ सूट दिली. ज्यांच्याजवळ शिल्लक होती त्यांनी सूट घेणे शहाणपणाचे होते. ज्यांची मिळकत थांबली होती त्यांनी हप्ते घेणेही तितकेच शहाणपणाचे होते.

हप्त्याचा आणखी एक प्रकार सुरक्षा ठेवीचा. अतिरिक्त ठेवीचे बिल स्वतंत्र येते व ते पाहून घरोघर घबराट उडते. ही ठेव आपलीच रक्कम आहे, तिच्यावर वीज शुल्क नाही, आणि २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे तिच्यावर आपणांस व्याज मिळावयाचे असते. ती हप्त्यांनी भरण्याची मुभाही आहे.

ज्यांची मुले विलायतेस स्थायिक आहेत, त्यांच्या कानी तेथील रीत आली असेल. तेथे पुष्कळ कुटुंबे बँकेमार्फत दरमहा सारखा हप्ता देतात. उन्हाळ्यातील शिल्लक हिवाळ्यातील उबेच्या खर्चास उपयोगी पडते. घरगुती इंधनावर तेथे १९९४ साली शेकडा ८ मूल्यवर्धित कर बसला व सप्टेंबर १९९७ पासून तो शेकडा ५ वर आला. तेथेही कराचा अंतिम हिशेब जळलेल्या इंधनाच्या बिलावर होतो. खात्यात उरलेली शिल्लक ग्राहकाचीच राहते. देश बदलला, तरी तत्त्व तेच.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. हप्ते मिळवावयाचे असल्यास मुदत टळण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा, मंजुरी लेखी घ्यावी आणि चालू बिल थकू देऊ नये. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देणे कायद्याने आवश्यक आहे. ते दिवस भीतीत न घालविता अर्जासाठी खर्च करावेत.

आपल्या ज्ञातीत एकटे राहणारे वृद्ध आहेत, विधवा भगिनी आहेत, हंगामी मिळकतीवर संसार करणारी कुटुंबे आहेत. अंधार प्रथम त्यांच्याच घरी शिरतो. मंडळाच्या शिकलेल्या तरुणांनी महिन्यातील एक सायंकाळ अशा घरांतील बिले वाचून समजावून देण्यासाठी राखून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. शिष्यवृत्तीइतकेच हेही ज्ञातिकार्य आहे.