कडू फुलपाखरें आणि त्यांचे तोतये

फुलपाखरूं म्हणतांच आपल्या मनापुढें फुलें आणि कोंवळें ऊन येतें. त्याच्यावर टपलेले डोळे मात्र ध्यानांत येत नाहींत. तारेवर बसलेला कोतवाल, हवेंतच झडप घालणारा वेडा राघू, कुंपणावरचा सरडा, फुलाच्या रंगांत मिसळून पाकळीआड बसलेला कोळी, हे सारे त्याचे वैरी. त्याला ना दांत, ना नांगी. असा हा दुबळा जीव तगतो कसा, तें आज थोडें पाहूं.

सह्याद्रीच्या रानांत असें एक फुलपाखरूं आढळतें कीं, तें पंख मिटून बसलें म्हणजे वाळकें पानच वाटावें. लपण्याची ही युक्ति पुष्कळांस ठाऊक असेल. मला अधिक नवल वाटतें तें न लपणाऱ्यांचें. रुईच्या झुडुपाभोंवतीं नारिंगी पंखांचें, काळ्या-पांढऱ्या कडांचें एक फुलपाखरूं अगदीं संथपणें विहरत असतें. त्याची अळी रुईचीं पानें खाते. रुईच्या चिकांत हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारें विष असतें. त्याचा कांहीं अंश अळीच्या अंगांत सांठतो आणि पुढें फुलपाखरांतहि उतरतो. अमेरिकेंत रुईच्याच कुळांतल्या झुडुपांवर वाढणारें 'मोनार्क' हें याचें भावंड. लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञानें १९६० च्या दशकांत तें 'ब्लू जे' नांवाच्या पक्ष्यांस खाऊं घातलें. पक्ष्यांस थोड्याच वेळांत ओकारी झाली, आणि पुढें ते तसल्या फुलपाखराला चोंच लावीनात. मग त्यानें कोबीवर वाढविलेलीं मोनार्क पुढें केलीं. त्यांपासून पक्ष्यांस कांहींच बाधा झाली नाहीं. हा कडूपणा अळीच्या आहारांतून येतो, हें यावरून स्पष्ट झालें.

हा धडा बहुधा प्रत्येक पांखरास स्वतःच गिरवावा लागतो. दर वर्षीं नवीं पिल्लें घरट्याबाहेर पडतात, आणि त्यांच्या शिक्षणांत कांहीं फुलपाखरांचा बळी जातो. (आमच्या वर्गांतहि एकाच्या अनुभवानें दुसरा क्वचितच शहाणा होई.)

आतां तोतयांकडे वळूं. पानिपतावर १७६१ सालीं पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवावर पुढें एक तोतया उभा राहिला, हें आपण इतिहासांत वाचतों. फुलपाखरांत असे तोतये पुष्कळ. ज्या घोळीची आपण भाजी करतों, तीच खाऊन वाढणारें एक फुलपाखरूं आहे. त्याचा नर काळा, अंगावर पांढरे मोठे ठिपके. मादी मात्र रुईवरच्या त्या नारिंगी फुलपाखराची जणूं प्रतिकृति. घोळींत तें विष नाहीं, पण पक्षी फसतो. हेन्री बेट्स या इंग्रज संशोधकानें अकरा वर्षें ॲमेझॉनच्या अरण्यांत काढलीं आणि १८६२ मध्यें या प्रकाराची उपपत्ति मांडली.

कढीलिंबावर वाढणारें काळें फुलपाखरूं तर आपल्या दाराशींच असतें. त्याच्या कांहीं माद्या नरासारख्या दिसतात. कांहीं मात्र सापसंदाच्या वेलीवर वाढणाऱ्या विषारी फुलपाखरांचा वेष घेतात. सर्वच माद्या तो कां घेत नाहींत? सोंगें फार वाढलीं म्हणजे पक्ष्याच्या तोंडीं गोड घास अधिक येऊं लागतात, त्याची भीति मोडते, आणि खऱ्या कडू फुलपाखराचीहि पत जाते. उलट सापसंदाची वेलच उपटून टाकली, तर वेष तेवढा उरेल, त्याला भिणारे पक्षी उरणार नाहींत. कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ मध्यें दाखविलें कीं, या वेषपालटाचें नियंत्रण एकाच जनुकाकडे आहे. आणि तें जनुक एरवीं नरमादीचा भेद ठरविण्याच्या कामीं येतें.

कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली, तर झाडण्यापूर्वीं नीट पाहावें. ती याच फुलपाखराची कोंवळी अळी असूं शकेल. मोठी झाली कीं ती हिरवी होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबडें शिंग बाहेर काढून दुर्गंध सोडते. चार पानें तिनें खाल्लीं म्हणून आमटीची फोडणी अडत नाहीं.

खरें कोणतें व तोतया कोण, हें ओळखावयाचें असल्यास धडाकडे पाहावें. सापसंदावरच्या फुलपाखराचें धड तांबडें असतें, तोतया मादीचें काळें. झडप घालणाऱ्या कोतवालाला तेवढें निरखण्यास सवड नसते.